खांद्यावरचं मोहोळ

भाद्रपद सरत आला होता, आणि धावरीच्या डोंगरउतारावर कारवी फुलली होती.

सात वर्षं मुकी उभी राहिलेली कारवी. सात पावसाळे प्यालेली, सात उन्हाळे सोसलेली, गुरांनीही तोंड न लावलेली कारवी. आणि आता माथ्यापासून ओढ्याच्या काठापर्यंत जांभळी, निळी, नीलजांभळी. फुलून झालं की ती वाळणार होती, बी टाकून मरणार होती. ते ठाऊक असावं तशी ती फुलली होती, हातचं काही न राखता.

त्या दिवशी मात्र वारा नव्हता. ऊन होतं, पण ढगांच्या पातळ पडद्यातून गाळून आलेलं, पितळी परातीतल्या पाण्यासारखं निस्तेज. पानं निश्चल. फुलं निश्चल. आणि त्या निश्चलतेच्या तळाशी एक गुंजारव चालला होता. अखंड, खोल, सकाळपासून कणाकणानं चढत जाणारा.

तो चढता स्वर वैजयंताला ऐकू यायला हवा होता.

अकरा वर्षं तिनं मधमाश्या पाळल्या होत्या. उताराच्या मधोमध, एका पसरट हिरड्याखाली, तिच्या नऊ पेट्या मांडलेल्या होत्या. आणि त्या नऊ पेट्यांतल्या सातेरी माश्यांची भाषा तिला मायबोलीसारखी येत होती. भुकेल्या पेटीचा सूर वेगळा, भ्यालेल्या पेटीचा वेगळा, राणी गमावलेल्या पेटीचा तर काळीज कातरणारा. वीस पावलांवरून ती सांगायची, आज कुठल्या घरात काय चाललंय.

पण त्या घटकेला वैजयंता पेट्यांपासून साठ-सत्तर पावलं वर, एका काळ्या खडकावर बसली होती. साऱ्या वाडीत फोनला रेंज यायची ती तेवढ्या एका खडकावर. तिच्या ओंजळीत फोन होता, आणि फोनमध्ये होती नयन.

नयन म्हणजे तिची माहेरची मैत्रीण. एका बाकावर बसलेल्या, एका डब्यातलं खाल्लेल्या दोघी. गणितं वैजयंता सोडवायची, नयन उतरवून घ्यायची. आता नयन पुण्यात राहत होती, सातव्या मजल्यावर, आणि रोज सकाळी तिचं आयुष्य या खडकावर उतरत होतं. नयनचा पांढराशुभ्र ओटा. नयनचं निळ्या पाण्याचं तळं आणि तळ्याकाठी नयनचे ओले पाय. नयनच्या नवऱ्यानं तिच्या खांद्यावर ठेवलेला हात, आणि त्या हातातलं घड्याळ. वैजयंता बघायची, बोटानं मोठं करून बघायची. नयनच्या कानांतले झुबे तिला पाठ होते. गेल्या दिवाळीतले कुठले, पाडव्याचे कुठले.

आधी आधी त्यात नुसतं कौतुक होतं. मग कौतुकाच्या दुधात कुठून कोण जाणे, खड्याएवढं मीठ पडलं.

आणि चार दिवसांपूर्वी नयन कारवीत आली होती. याच डोंगरावर, वरच्या सड्यावर, नवऱ्याच्या गाडीतून. जांभळ्या फुलांत उभी राहून, पदर वाऱ्यावर सोडून तिनं फोटो काढून घेतले होते. नऊशे माणसांनी त्या फोटोंवर बदाम टाकले होते. सड्यावरून वैजयंताचं घर वीस मिनिटांच्या उतारावर. कौलं दिसतात तिथून. नयन उतरली नव्हती. एक फोनही केला नव्हता.

त्या फोटोच्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक तांबडा ठिपका होता. वैजयंतानं तो मोठा करून पाहिला होता. ते तिच्याच घराचं छप्पर होतं.

काल दुपारी हणमंत, तिचा नवरा, शेताकडून आला तो अंगणातच थांबला होता. म्हणाला होता, "तिसऱ्या पेटीच्या दारावर माश्यांची दाढी लोंबाय लागलीया. लांबनं दिसती मला. आत दाटी झाली आसंल. बघून घे येकदा."

"बघीन."

"परवा बी बघीनच म्हनलीस."

एवढंच. पण त्या एवढ्यावर वैजयंताच्या आत कोंडलेलं काहीतरी कडाडलं होतं.

"बघून काय व्हनार हाय? हितं बघन्यासारखं हाय तरी काय? ती माझ्या डोंगरावर यिऊन गेली, माझ्या दारात आली न्हाई. का यावं तिनं? काय दावनार व्हते मी तिला? ही शेनाची जमीन? का तुमचं हे ठिगळाचं सदरं?"

हणमंतनं मान खाली घालून आपल्या सदऱ्याकडं पाहिलं होतं. ठिगळ तिनंच लावलेलं होतं, बारीक टाक्यांचं. मग तो मागच्या पडवीत गेला होता, आणि दिवेलागणीपर्यंत लाकडावर रंधा फिरल्याचा आवाज येत राहिला होता. सर्र... सर्र... सर्र. रात्री दोघं जेवली ती एकमेकांच्या ताटांकडं बघत.

माश्या मात्र कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाहीत.

तिसऱ्या पेटीत पंधरा दिवसांपासून दाटी होती. पोळ्यांच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांएवढ्या नव्या राण्यांच्या कोठड्या लोंबत होत्या. त्या वेळीच पाहून घर वाढवून दिलं, तर माश्या राहतात. न पाहिलं, तर जुनी राणी निम्मं घर घेऊन बाहेर पडते आणि गावाचा, पेटीचा, पाळणाऱ्याचा निरोप न घेता रानात निघून जाते. वैजयंताला हे सारं ठाऊक होतं. पंधरा दिवसांत तिनं ती पेटी एकदाही उघडली नव्हती.

दुपार चढली. स्वर चढला. आणि अकस्मात, बांध फुटावा तसं तिसऱ्या पेटीचं दार फुटलं.

माश्या बाहेर पडल्या. शेकड्यांनी, सहस्रांनी, सोनेरी धुरासारख्या. हिरड्याच्या सावलीत एक गरगरणारा, घोंघावणारा, काळसर सुवर्णाचा स्तंभ उभा राहिला, आणि त्या नादानं सारा उतार थरथरू लागला.

खडकावर वैजयंतानं मान वर केली. क्षणभर तिला कळेना, आवाज फोनातून येतोय की डोंगरातून. मग तिनं पाहिलं, आणि फोन तिच्या ओंजळीतून घसरून दगडावर पडला तो तिच्या ध्यानातही आला नाही.

कारण त्या गरगरत्या सुवर्णस्तंभाखाली एक माणूस उभा होता. डोईचं मुंडासं सुटलेलं, हातात पाण्याची बादली. दुसऱ्या हातानं पसापसा पाणी वर उडवत होता. अंगावर पाऊस पडतोय असं वाटलं की उडालेलं मोहोळ लांब जात नाही, जवळच बसतं. डोंगरातली जुनी रीत ती. पण ती रीत करायला त्या माणसानं तिथं जायचं नव्हतं. जगातल्या कुणीही जावं, त्या एकानं जायचं नव्हतं.

तो हणमंत होता.

तीन वर्षांपूर्वी पाच माश्या डसल्या होत्या त्याला. पाचच. पण दहा मिनिटांत त्याचा चेहरा सुजून ओळखू येईना झाला होता, गळा आवळत गेला होता, श्वासाची शिटी वाजू लागली होती. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेतो वैजयंतानं देवाला काय काय कबूल केलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, या माणसानं पुन्हा माशीच्या वाटेला जायचं नाही. पुढची वेळ याहून वाईट असेल. तेव्हापासून हणमंत पेट्या बनवत होता. सागाच्या फळ्या रंधून, सांधे जुळवून, दारं कोरून. आणि बनवलेली पेटी ती उचलून न्यायची. तो लांबून, बांधावरून बघायचा.

वैजयंता धावली. कारवीच्या काटक्या पायांवर ओरखडे काढत होत्या, जांभळी फुलं तुटून पदरात अडकत होती. ती ओरडली नाही. ओरडून माश्या भडकतात.

आणि ती वीस पावलांवर पोचली तेव्हा स्तंभ खाली येत होता.

म्हातारी राणी थकली होती. हिरड्याच्या फांदीपर्यंत तिचे पंख पुरले नाहीत. ती खाली उतरत आली, आणि जी पहिली उंच, स्थिर वस्तू मिळाली तिच्यावर बसली. हणमंतच्या डाव्या खांद्यावर. तिच्यामागे एक माशी बसली, मग दहा, मग शंभर. मग मोजदाद संपली.

हणमंतच्या हातातली बादली अजून हातातच होती. तो थिजला होता. त्याच्या खांद्यावरून, गळ्यावरून, छातीवरून, कोपरापर्यंत माश्यांची एक जिवंत, जड, तपकिरी शाल उतरत होती. त्या शालीला श्वास होता. त्या शालीला ऊब होती. तिच्या हजार हजार टोकांवर मरण पारजून ठेवलेलं होतं.

"हलू नगासा," वैजयंता म्हणाली. आवाज तिचाच होता, पण इतका मऊ की तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"न्हाई हलत." ओठ न हलवता तो म्हणाला. मग जरा थांबून, "बादली जड झालीया."

तिनं सरकत सरकत जाऊन, एकेक बोट सोडवत, बादली त्याच्या हातातून काढून घेतली.

घरी जाळीचा बुरखा होता. घर दहा मिनिटांवर. दहा मिनिटं कुठून आणायची? हिरड्याच्या बुंध्याला मोहोळ धरायची वेताची टोपली टांगलेली होती; तेवढीच. बांधावरच्या गवती चहाची मूठभर पाती तिनं ओरबाडली, चुरगाळून टोपलीच्या आत चोळली. तो वास माश्यांना आवडतो. टोपली उपडी करून तिनं त्याच्या खांद्याच्या वर धरली, केसाएवढं अंतर राखून. माशी अंधाराकडं चढते, उंचावर चढते. राणी चढली की बाकीच्या चढतात. राणी मात्र कुठं, कितव्या थराखाली, ते कुणाला ठाऊक?

उजव्या हातात टोपली. डावा हात उघडा. त्या उघड्या हाताचा तळवा तिनं त्या सळसळत्या शालीखाली सरकवला.

पहिला क्षण आगीचा होता. मग कळलं, आग नव्हे, ऊब आहे. पोट भरून निघालेल्या माश्या. घर सोडताना प्रत्येकीनं तीन दिवसांचा मध पोटात घेतलेला. भरल्या पोटी त्या सहसा डसत नाहीत. सहसा. तिनं मूठभर माश्या उचलल्या, टोपलीच्या कडेला टेकवल्या. दुसरी मूठ. तिसरी. जशी पेरणीआधी बियाण्यातले खडे वेचावेत तसा तिचा हात चालू लागला. त्याला घाई नव्हती. घाई सारी तिच्या काळजात होती.

खालच्या कच्च्या रस्त्यावर एक गाडी थांबली. दार वाजलं. कारवी बघायला आलेली कुणी मुलगी चार पावलं वर चढून आली, आणि तिनं हात उंचावून फोन धरला.

"तिथंच थांबा, ताई," वैजयंता मागं न बघता म्हणाली. "येक पाऊल म्होरं टाकू नगा."

मुलगी तिथंच थांबली. तिचा फोन तसाच वर राहिला.

वेळ तुंबला. ढगांमागचा सूर्य जागचा हलेना.

हणमंतच्या डोळ्याच्या कडेला एक माशी चढली. पापणीच्या केसांवरून, एका केसावरून दुसऱ्या केसावर, पूल ओलांडावा तशी सावकाश चालू लागली. त्यानं डोळा मिटला नाही. आणि त्या माशीवर नजर ठेवता ठेवता वैजयंताची नजर त्या डोळ्यावर राहिली.

काळा म्हणून तिनं अठरा वर्षांपूर्वी पाहिलेला तो डोळा काळा नव्हताच. कारवीच्या मधासारखा, गडद तांबूस होता. भुवईत दोन केस पांढरे झाले होते. कधी झाले? कानाच्या पाळीमागे लाकडाचा भुसा चिकटलेला होता, कालच्या रंध्याचा. हनुवटीखाली दाढी करताना राहून गेलेले चार खुंट. गळ्यावरची शीर उडत होती. टक, टक, टक. आणि त्या शिरेवर एक माशी बसली होती.

नयनच्या नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ तिला ठाऊक होतं. त्या घड्याळाचा पट्टा कसल्या रंगाचा तेही ठाऊक होतं. आणि हे दोन पांढरे केस तिला ठाऊक नव्हते.

तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. थेंब गालावरून वाहिले, ओठांवर खारट झाले, आणि हात चालत राहिला.

"वैजू," तो पुटपुटला.

"बोलू नगासा."

"पेटी झालीया नवी. रातीच केली. बांधाच्या खालच्या अंगाला ठेवलीया. ती सांगाया आलतो, तंवर ह्या उठल्या."

काल तिनं त्याच्या ठिगळाला नावं ठेवली, आणि तो पडवीत जाऊन तिच्या माश्यांसाठी घर रंधत बसला होता. तेच ठिगळ आता त्या सळसळत्या थराखाली कुठंतरी होतं.

तेवढ्यात तिच्या बोटांखालच्या माश्या दुभंगल्या, आणि तिला ती दिसली. लांब, काळसर, सावकाश. ठिगळाच्या बारीक टाक्यांवर पाय रोवून बसलेली राणी.

वैजयंतानं श्वास रोखला. अंगठा आणि तर्जनी, मोगऱ्याची कळी खुडावी तशी. उचललं. टोपलीच्या काळोखात सोडलं.

काही झालं नाही. मग शालीची कड हलली. एक माशी वळली, तिच्यामागे दुसरी. आणि मग ती अवघी जड, तपकिरी वस्ती चढणीला लागली. कोपर मोकळं झालं. छाती मोकळी झाली. उपड्या टोपलीत गुंजारवाचा सूर बदलला, रडतं मूल थानाला लागावं तसा. गळ्यावरची शीर एकटी उडू लागली.

शेवटच्या माश्या सदऱ्याच्या गळपट्टीत अडकल्या होत्या. हणमंतनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला, मान इवलीशी झुकली, आणि त्यातली एक दबली.

"डसली," तो शांतपणे म्हणाला.

जिच्या भीतीनं इतका वेळ श्वास रोखून धरला होता ती एक.

वैजयंतानं टोपली हिरड्याच्या फांदीत अडकवली, नखानं खरवडून काटा काढला, आणि त्याला दंडाला धरून उताराला लागली. कुणाला विनवायची वेळ आली नाही. त्या मुलीनं फोन खिशात घातला होता आणि गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं.

"काका, आडवे व्हा. मी चालवते. रस्ता तुम्ही सांगा."

वळणांमागून वळणं. दोन्ही काचांना जांभळे उतार घासत मागं जात होते आणि वैजयंताला त्यांचा रंग दिसत नव्हता. तिनं त्याचं मनगट धरलं होतं, आणि ती त्याचे श्वास मोजत होती. ओठांभोवती सूज येतेय का, श्वासात शिटी वाजतेय का. मान लाल झाली. कान लाल झाला. वीस श्वास. पन्नास. दोनशे. रस्त्यावरच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी त्याला पाहताच सुई टोचली, डॉक्टरांना बोलावलं, तीन तास निजवून ठेवलं. सूज मानेपाशी आली, घुटमळली, आणि तिथंच थांबली. सूर्य कलू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या वेळी निभावलं. घरी न्या. रात्रीत काही वाटलं तर लगेच परत या."

मुलगी तोवर बाहेर बाकावर बसून होती. परतीच्या वाटेवर ती आरशातून बघत संकोचानं म्हणाली, "मावशी, मी व्हिडिओ काढलाय. तुमचा नंबर द्या, पाठवते. असं मी कुठंच पाहिलं नव्हतं. लाखो लोक बघतील."

वैजयंताच्या मांडीवर हणमंतचं डोकं होतं. त्याच्या कानामागचा भुसा ती एका बोटानं अलगद झाडत होती.

"मला नगं, ताई," ती म्हणाली. "मी व्हते की तितं."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "घरात चला. च्या घिऊन जावा. कारवीचा मध हाय."

शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर, पायरीला टेकून, मुलीनं दोन कप चहा घेतला, बोटानं मध चाटला, आणि अंधाराआधी घाट उतरायला निघून गेली.

फोन वैजयंतानं दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावरून आणला. दवानं भिजला होता, पण चालू होता. पुढंही नयनचे फोटो येत राहिले. कधी ती बघायची, कधी राहून जायचं. दिवाळीत तिनं नयनला फोन करून फराळाला बोलावलं. नयन येते म्हणाली, आली नाही. वैजयंतानं चकल्यांचा डबा भरून शेजारी दिला. पण हे सारं नंतरचं.

त्या संध्याकाळी अजून एक काम उरलं होतं. ढगांचा पडदा पश्चिमेला फाटला होता, आणि मावळतीचं केशर कारवीच्या जांभळ्यात मिसळून साऱ्या उतारावर एक अनाम, क्षणभंगुर रंग पसरला होता. वैजयंतानं बांधाखालून नवी पेटी आणली. लाकडाला अजून ओला, गोड वास होता. तिनं टोपली पेटीच्या दारासमोर टेकवून हलकेच झटकली, आणि माश्या उतरल्या. आधी गोंधळून, मग रांगेनं, मग वऱ्हाड मांडवात शिरावं तशा घाईघाईनं, पंख वाजवत, नव्या घराच्या अंधाऱ्या दारातून आत आत जात राहिल्या.

हणमंत बांधावर बसला होता, मानेवर हळदीचा लेप घेऊन, लांब, रोजच्यासारखा.

ती त्याच्यापाशी गेली. त्याच्या शेजारी बसली. दोघं त्या नव्या पेटीकडं बघत राहिली.

"सांधं बरं जुळल्यात," शेवटी ती म्हणाली.

"घाई झाली जरा."

"न्हाई. बरं जुळल्यात."

त्यानं हुंकार दिला. रंग विझत गेले; आधी माथ्यावरचे, मग मधले, मग ओढ्याकाठचे. नव्या पेटीचा गुंजारव त्या बांधापर्यंत जेमतेम पोचत होता, एवढाच, की कान दिला तर ऐकू यावा.

आणि आत, त्या ओल्या सागवानी काळोखात, माश्या एकमेकींचे पाय धरून छतापासून साखळीसारख्या लोंबल्या होत्या. पोटातला मध आटवून मेण करत होत्या. कण कण, थर थर. कुणी पाहत नसताना, कुणाला दिसत नसताना, एका रिकाम्या घराच्या छताला एक शुभ्र रेघ उमटत होती. नखाएवढी, मग बोटाएवढी, मग हळूहळू, हळूहळू, तळहाताएवढी.